रिटायरमेंटचा रक्तरंजित हिशेब

रिटायरमेंट म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? मॉर्निंग वॉक, पेपर, पेन्शन? ‘पोलर’मधल्या डंकनलाही असंच निवांत जगायचंय. फक्त त्याची नोकरी आहे माणसं मारण्याची! पन्नाशी गाठली की कंपनीने त्याला सुमारे ८० लाख डॉलर द्यायचेत. मालकाचा हिशेब सोपा : पैसे देण्यापेक्षा माणूसच उडवा!

२०१९चा हा सिनेमा नेटफ्लिक्सवर आला. व्हिक्टर सांतोसच्या कॉमिकवर तो बेतलाय. मॅड्स मिकेलसन चेहऱ्यावरची रेषही न हलवता हसवतो. शाळकरी पोरांपुढे त्याने चाकू काढलेला सीन बघाच! छळाचे प्रसंग मात्र बघवत नाहीत. दिग्दर्शक तिथे वाहवतो. तरी पहिल्या नोकरीच्या शोधात असाल, तर बघा. ऑफर लेटर नीट वाचाल!