वस्तीचा आराखडा कोणी करावयाचा?

वर्गात 'बाह्य परिणाम' शिकविताना आम्ही कारखान्याचा धूर आणि शेजारच्या धोब्याचे कपडे हे जुने उदाहरण देतो. तो धोबी गरीबच का असतो, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही. मुंबईत १९२७ पासून शहराचा कचरा देवनारला पडत आला. जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगराला आग लागली तेव्हा आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हाच 'एम पूर्व' विभाग तळाशी होता. हा योगायोग नव्हे. जमीन स्वस्त व माणूस दुबळा असेल तेथे घाण जाते, आणि घाण आली की जमीन आणखी स्वस्त होते.

यावर आपला कायदा काय देतो? १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमान्वये विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि नागरिकांनी मुदतीत हरकती व सूचना पाठवावयाच्या असतात. हा अधिकार पोकळ नाही. २०१५ साली मुंबईच्या मसुद्याविरुद्ध एवढा गदारोळ झाला की तो नव्याने तयार करावा लागला. परंतु हरकत घेणारा हा अखेर अर्जदारच.

अर्जदारीच्या पलीकडे गेलेली एक वस्ती अमेरिकेत आहे. बोस्टनच्या रॉक्सबरी भागातील डडली स्ट्रीट परिसरात कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी व केप व्हर्दी बेटांवरून आलेली कष्टकरी कुटुंबे राहत. विम्याच्या पैशासाठी अनेक घरे पेटविली गेली, आणि ओसाड भूखंडांवर बाहेरचे लोक रात्री कचरा आणून टाकू लागले. १९८४ मध्ये काही सेवाभावी संस्थांनी सुधारणेचा बेत आखला. पुढे तो सभेत मांडला गेला तेव्हा रहिवाशांनी विचारले, की या कार्यकारिणीत इथे राहणारे किती? प्रश्न अडचणीचा होता. घटना बदलून रहिवाशांचे बहुमत करण्यात आले. १९८६ मध्ये या लोकांनी कचऱ्याविरुद्ध मोहीम काढून कचऱ्याचे बेकायदा अड्डे बंद पाडले; १९८७ मध्ये त्यांचा स्वतःचा आराखडा नगरपालिकेने स्वीकारला.

खरी नवलाची गोष्ट त्यानंतरची. १९८८ मध्ये सुमारे साठ एकरांच्या त्रिकोणातील मोकळ्या खासगी जमिनी सक्तीने संपादन करण्याचा अधिकार या संस्थेला मिळाला. सक्तीचे भूसंपादन म्हटले की आपल्याकडील गरिबाच्या डोळ्यांपुढे नोटीस आणि बुलडोझर येतो. तेच हत्यार येथे वस्तीच्या हाती आले! जमीन सामुदायिक न्यासाच्या मालकीची राहते व घरे रहिवाशांना मिळतात. फेरविक्रीच्या किमतीला मर्यादा असल्याने परिसर सुधारला म्हणून गरीब हुसकला जात नाही. अशी दोनशेहून अधिक घरे उभी राहिली. एका जुन्या गॅरेजच्या जागी भाजीपाल्याचे हरितगृह झाले.

डडलीची जमीन त्या वेळी कोणाला नको होती. मुंबईत झोपडीखालच्या जमिनीवरही बिल्डरांचा डोळा असतो. शिवाय आपल्याकडे अर्ध्या वस्तीजवळ राहत्या जागेचा कागद नसतो, मग 'रहिवासी' कोणास म्हणावे येथूनच वाद सुरू होईल. म्हणून संपादनाचा अधिकार उद्याच मिळेल, असे मी म्हणत नाही. मात्र पुढील आराखडा हाती घेण्यापूर्वी प्रत्येक प्रभागातील मोकळ्या व आरक्षित भूखंडांची यादी, मालकाच्या नावासह, मराठी, हिंदी व उर्दूतून वस्तीत लावण्यास महापालिकेला कोणत्या नव्या कायद्याची गरज आहे?