कृष्णधवल चित्रपटाचा पाठनिर्णय

जुन्या कृष्णधवल चित्रपटाची घरी पाहावयाची तबकडी विक्रीस येते तेव्हा तिच्या वेष्टनावर 'पुनःसंस्कारित' हा शब्द बहुधा ठळक अक्षरांत छापलेला असतो. त्याने ग्राहकाचे समाधान होते. अभ्यासकाचे होऊ नये. हस्तलिखितांवरून प्राचीन ग्रंथ सिद्ध करणारा संपादक ज्या प्रश्नापासून आरंभ करतो, तोच येथेही विचारावयास हवा. हा पाठ कोणत्या प्रतीवरून घेतला, आणि संस्कारकर्त्याने त्यात पदरचे काय घातले?

चोरीचे कथानक असलेले चित्रपट या चर्चेस विशेष उपयोगी पडतात. कारण रात्र, काळोख आणि चाहूल न लागू देण्याची धडपड यांवरच त्यांची रचना उभी असते. ज्यूल्स डॅसिन यांचा 'रिफिफी' (१९५५) हा फ्रेंच चित्रपट घ्या. त्यातील जवाहिऱ्याच्या दुकानावरील दरोड्याचा प्रसंग सुमारे अर्धा तास चालतो आणि त्यात एकही संवाद नाही, संगीतही नाही. जॉर्ज ओरिक यांनी त्या प्रसंगासाठी संगीत रचले होते. परंतु ते न वापरण्याचे ठरले. चोर वरच्या मजल्याची जमीन फोडतात, भोकातून छत्री खाली सोडून उघडतात आणि गिलाव्याचा चुरा तीत झेलतात. ऐकू येते ते केवळ हातोडीचे दबलेले ठोके, चुऱ्याची खरखर आणि पियानोच्या पट्टीला चुकून लागलेला एक स्पर्श.

आता अशा प्रसंगावर यंत्राने संस्कार कसा होतो ते पाहू. प्रथम पट्टी धुऊन, तुटलेले सांधे जोडून तिच्या प्रत्येक चौकटीची प्रतिमा घेतली जाते. सेकंदास २४ चौकटी या हिशेबाने दोन तासांच्या चित्रपटात त्या १,७२,८०० भरतात. इतक्या चौकटी हाताने निवडून साफ करणे अशक्यप्राय असल्यामुळे हे काम मुख्यतः संगणकावर सोपविले जाते. त्याचा नियम साधा आहे : मागच्या व पुढच्या चौकटीत नसलेला ठिपका मधल्या चौकटीत दिसला, तर तो धुळीचा समजून पुसावा. नियम योग्यच, पण उडणारी ठिणगी, पावसाचा थेंब आणि पडणारा गिलाव्याचा कण हेही एकाच चौकटीपुरते एका जागी असतात. यंत्राला धूळ आणि चुरा यांतील भेद कळत नाही. तो माणसानेच पाहावा लागतो. ध्वनीचेही तसेच आहे. पट्टीची सरसर काढून टाकणारी प्रक्रिया जोराने चालविली, तर तिच्याबरोबर खोलीची शांतताही निघून जाते आणि उरते ते निर्जीव मौन. चित्रातील रुप्याच्या कणांची सूक्ष्म हालचाल हा तर दोष नव्हेच. प्रतिमा त्या कणांचीच बनलेली असते. ती पुसून चेहरे मेणाचे करणाऱ्या तबकड्या, स्वच्छ दिसतात एवढ्यावरून, पुष्कळांना आवडतात हे खेदाने नमूद केले पाहिजे.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत वि. स. सुखटणकर यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची जी पद्धती घालून दिली, तिची येथे आठवण होते. ज्या शब्दाविषयी निश्चिती नव्हती, त्याखाली त्यांनी नागमोडी रेषा दिली, आणि गाळलेले पाठ तळटीपांत ठेवले. वाचकास संपादकाशी मतभेद दाखविता यावा, अशी ती सोय होती. चित्रपटाच्या तबकडीत नागमोडी रेषा नसते. पुसलेला ठिपका धूळ होता की चुरा, हे मूळ प्रतीखेरीज कोणी सांगू शकत नाही.

आणि मूळ प्रतीच्या बाबतीत आपण फारसे भाग्यवान नाही. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा, ज्ञान मुखर्जी दिग्दर्शित 'किस्मत' (१९४३) हा आपल्याकडील चोर-नायकाचा आद्य लोकप्रिय चित्रपट. खिसेकापू शेखरच्या भूमिकेतील अशोककुमार कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रगृहात तीन वर्षांहून अधिक काळ पडद्यावर होता. परंतु लोकप्रियता ही पट्टीची शत्रू होय. प्रयोगागणिक प्रत झिजते, आणि नव्या प्रती पुष्कळदा थेट मूळ निगेटिव्हवरून काढल्या जात असल्याने तेही झिजते. शिवाय १९५० च्या सुमारापर्यंतचे चित्रपट नायट्रेटच्या पट्टीवर असत. ती आपोआप विघटित होते, आणि पेटली तर स्वतःच प्राणवायू पुरवीत असल्याने पाण्यानेही सहजी विझत नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर 'आलम आरा' (१९३१) सारखे चित्रपट हातचे गेले होते. जमविलेल्यांपैकीही पुष्कळ नायट्रेट प्रती जानेवारी २००३ मध्ये, प्रभातच्या जुन्या आवारात लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. हे संग्रहालय २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले.

मूळ निगेटिव्ह नसताना प्रामाणिक काम होऊ शकते, याचे उदाहरण उदयशंकर यांचा 'कल्पना' (१९४८). पुण्यातील संग्रहात जपलेल्या साहित्यावरून इटलीतील बोलोन्या येथील प्रयोगशाळेत त्याचा पुनःसंस्कार झाला आणि २०१२ मध्ये तो कान येथे दाखविण्यात आला. आधार कोणता होता, हे तेथे जाहीर केलेले आहे. याउलट, बव्हंशी कृष्णधवल असलेल्या 'मुगल-ए-आझम' (१९६०) ची २००४ मधील आवृत्ती पाहा. तीत सर्व चित्र रंगविले, लांबी कमी केली आणि ध्वनी नव्या पद्धतीने बांधला. करमणूक म्हणून तिला कोणाचा आक्षेप नसावा. परंतु छायाप्रकाशाच्या योजनेवर प्रबंध लिहिणाऱ्याने तिचा आधार घेणे म्हणजे टीकाकाराची भर मूळ संहिता म्हणून उद्धृत करण्यासारखे होय.

हिंगोली जिल्ह्यातील गोरेगाव येथे राहून प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास संग्रहातील पट्टी हाताळण्याचा योग क्वचितच येणार. त्याच्यापुरती तबकडी हाच चित्रपट. म्हणून त्याने निदान चित्रपटाच्या नावापुढे आवृत्तीचे वर्ष, प्रकाशक, आधारप्रत आणि एकूण कालावधी यांची नोंद करावी, आणि दोन आवृत्त्या मिळाल्यास त्यातील एखादा काळोखाचा प्रसंग शेजारी शेजारी लावून पाहावा. दहा मिनिटांचा फरक आढळला, तर तो कोठे पडला हे शोधण्यापासूनच अभ्यासाला आरंभ होतो. संस्कार करणाऱ्यांकडून मात्र आपली मागणी एवढीच असावी की, यंत्राने काहीही पुसण्यापूर्वी घेतलेल्या चौकटींची प्रतिमाही जपून ठेवली जावी. नायट्रेटची पट्टी नाहीशी झाल्यावर 'किस्मत'सारख्या चित्रपटाची ती न पुसलेली प्रतिमाच आधारप्रत ठरेल.