न्याय्य ऊर्जासंक्रमण

कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू या जीवाश्म इंधनांचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवून त्यांच्या जागी अन्य ऊर्जास्रोत आणताना त्या बदलाचे लाभ आणि भार देशादेशांत व समाजाच्या निरनिराळ्या थरांत न्यायाने वाटले जावेत, या तत्त्वास न्याय्य ऊर्जासंक्रमण म्हणतात. ही इंधने जाळल्याने बाहेर पडणारा कार्बन डाय-ऑक्साइड हे पृथ्वीच्या वाढत्या तापमानाचे प्रमुख कारण होय. वाद आहे तो मुख्यतः क्रमाविषयी व खर्चाविषयी : प्रथम कोणी थांबावे, किती काळात थांबावे आणि ज्यांची उपजीविका या इंधनांवर चालते, त्यांची व्यवस्था कोणी लावावी.

उगम : ही संकल्पना कामगार चळवळीतून आली. अमेरिकेतील तेल व रसायन कामगारांचे नेते टोनी मॅझोकी यांनी असे प्रतिपादिले, की घातक उद्योग बंद करावयाचे असतील, तर त्यांतील कामगारांच्या वेतनाची व पुनःशिक्षणाची तरतूद आधी व्हावी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१५ मध्ये याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ब्रिटनमध्ये १९८४-८५ च्या संपानंतर खाणी झपाट्याने बंद झाल्या आणि खाणकामगारांच्या वस्त्या दीर्घकाळ बेकारीत राहिल्या. जर्मनीने दगडी कोळशाच्या खाणी अनेक वर्षांच्या वाटाघाटींनंतर २०१८ मध्ये बंद केल्या आणि कोळशावरील वीज २०३८ पर्यंत थांबविण्याचा कायदा २०२० मध्ये करताना कोळसाप्रदेशांसाठी सु. ४० अब्ज यूरोंची तरतूद केली.

आंतरराष्ट्रीय करार : रीओ दे जानेरो येथील परिषदेत (१९९२) स्वाक्षरीसाठी खुल्या झालेल्या हवामानबदलविषयक करारात ‘समान परंतु भिन्न जबाबदारी’ हे तत्त्व मान्य झाले. जबाबदारी सर्वांची असली, तरी ज्यांनी दीर्घकाळ अधिक इंधन जाळून समृद्धी मिळविली, त्यांनी अधिक भार उचलावा, असा त्याचा आशय आहे. पॅरिस कराराच्या (२०१५) प्रस्तावनेत कामगारांच्या न्याय्य संक्रमणाचा उल्लेख आला. ग्लासगो येथे (२०२१) कोळशावरील वीज ‘बंद’ करण्याऐवजी ‘कमी’ करण्याचा शब्दप्रयोग भारताच्या आग्रहावरून स्वीकारण्यात आला. दुबई येथे (२०२३) सर्वच जीवाश्म इंधनांपासून न्याय्य, सुव्यवस्थित व समन्यायी रीतीने दूर जाण्याचे आवाहन प्रथमच झाले.

अर्थसाहाय्याची बाजू मात्र लंगडी राहिली. विकसनशील देशांना २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर मिळवून देण्याचे २००९ मधील आश्वासन श्रीमंत राष्ट्रांच्याच हिशेबाप्रमाणे २०२२ मध्ये पुरे झाले. बाकू येथे (२०२४) २०३५ पर्यंत वार्षिक ३०० अब्ज डॉलरांचे उद्दिष्ट ठरले; ते अपुरे असल्याचे भारताने स्पष्टपणे सांगितले. दक्षिण आफ्रिकेशी २०२१ मध्ये ८.५ अब्ज डॉलरांचा सहकार्य करार झाला. त्यात अनुदानापेक्षा कर्जाचा वाटा फार मोठा होता, आणि २०२५ मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली.

भारताची स्थिती : भारताचे दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट देशाने जाहीर केले असून २०२५ मध्ये स्थापित वीजक्षमतेचा निम्मा भाग जीवाश्मेतर स्रोतांचा झाला. प्रत्यक्ष वीजनिर्मितीत मात्र कोळशाचाच वाटा सर्वांत मोठा आहे. महाराष्ट्रात या प्रश्नाचे खाणींशी निगडित रूप चंद्रपूर व नागपूर जिल्ह्यांत आढळते, तर किनाऱ्यावरील रूप रत्नागिरी जिल्ह्यात दिसते.

रत्नागिरी जिल्ह्याचे उदाहरण : बेसाल्ट व जांभा खडकांच्या या जिल्ह्यात कोळशाच्या वा तेलाच्या चालू खाणी नाहीत. इंधन येते ते समुद्रमार्गे, आणि त्याच्यामागे परदेशी करार येतात. गुहागर तालुक्यातील अंजनवेल येथील दाभोळ वीज प्रकल्पाविषयी अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीशी १९९२ मध्ये प्राथमिक करार झाला. विजेचा दर डॉलरशी निगडित होता आणि वीज उचलली नाही, तरी स्थिर आकार देणे मंडळावर बंधनकारक होते. करार १९९५ मध्ये रद्द झाला व पुढे फेरवाटाघाटींनी पुन्हा झाला. सु. ७४० मेवॉ. क्षमतेचा पहिला टप्पा १९९९ मध्ये नॅप्थ्यावर सुरू झाला. महाग वीज घेणे राज्य वीज मंडळाने २००१ मध्ये थांबविले व त्याच वर्षी एन्रॉनचे दिवाळे निघाले. पाच वर्षे बंद राहिलेला प्रकल्प २००५ मध्ये स्थापन झालेल्या ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ या मुख्यतः सार्वजनिक मालकीच्या कंपनीकडे आला. देशी वायूचा पुरवठा आटल्यावर २०१३ च्या सुमारास तो पुन्हा जवळजवळ ठप्प झाला, आणि २०१५ पासून रेल्वेला वीज देण्यासाठी अंशतः चालविण्यात आला. लगतच्या द्रवीकृत वायूच्या धक्क्यावर लाटरोधक बांध अपुरा असल्याने अनेक वर्षे पावसाळ्यात जहाजे लावता येत नव्हती. इंधनाधारित प्रकल्प मुदतीपूर्वी निरुपयोगी झाल्यास त्याचा भार अखेरीस सार्वजनिक तिजोरीवर व वीजग्राहकांवर पडतो, हे या प्रकरणावरून दिसते.

जयगड येथे आयात कोळशावर चालणारे १,२०० मेवॉ. क्षमतेचे केंद्र २०१०-११ मध्ये सुरू झाले. त्याच्या धुराचा हापूसच्या मोहरावर परिणाम होईल, असा आक्षेप बागायतदारांनी घेतला व प्रकरण न्यायालयांपर्यंत गेले. राजापूर तालुक्यात तीन भारतीय तेल कंपन्या आणि सौदी अरेबिया व अबू धाबी येथील राष्ट्रीय तेल कंपन्या मिळून वार्षिक ६ कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण कारखाना उभारणार होत्या. स्थानिक विरोधामुळे नाणार येथील भूसंपादनाची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली. पर्यायी जागा असलेल्या बारसूच्या सड्यावर २०२३ मध्ये माती-परीक्षणाच्या वेळी आंदोलन झाले. याच सड्यावरील कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आहेत.

जिल्ह्याचे हितसंबंध मात्र एकेरी नाहीत. येथील अनेक घरे कुवेत, सौदी अरेबिया व अमिराती या तेलसंपन्न देशांतील नोकरदारांच्या पैशावर चालतात. आखातातील तेलाची मागणी घटली, तर ती झळ प्रथम खाडीकाठच्या गावांना लागेल. मिरकरवाडा, हर्णै आदी बंदरांतील यांत्रिक नौका डिझेलवर चालतात व त्यांच्या मालकांना राज्य शासनाकडून डिझेलवरील कराचा परतावा मिळतो. तो अचानक काढल्यास मोठ्या ट्रॉलरांपेक्षा लहान नौकांचे मालक व खलाशी अधिक अडचणीत येतील. उलटपक्षी सागराचे वाढते तापमान आणि अवकाळी पाऊस यांचा फटका याच मच्छीमारांना व आंबा-काजू बागायतदारांना बसतो.

मूल्यमापन : इंधनापासून दूर जाणे आपोआप न्याय्य ठरत नाही. पोफळीचे कोयना वीजगृह इंधन जाळीत नाही, तथापि त्याच्या धरणाने विस्थापित झालेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अनेक दशके रेंगाळला. माडबन येथील ९,९०० मेवॉ. क्षमतेच्या नियोजित जैतापूर अणुवीज प्रकल्पासही तीव्र विरोध झाला. यावरून न्यायाच्या तीन किमान कसोट्या सांगता येतात : कराराच्या अटी प्रारंभीच उघड असणे, ज्यांची जमीन, खाडी वा रोजगार जाणार, त्यांची संमती व पर्यायी उपजीविका निश्चित असणे, आणि प्रकल्प बंद पडल्यास खर्च कोणी सोसावा, हे आधी ठरलेले असणे. आंतरराष्ट्रीय सहकार्याचे मोल परिषदांतील ठरावांच्या शब्दांइतकेच अंजनवेल व बारसूसारख्या गावांत या कसोट्या कितपत उतरतात, यावरून ठरेल.