वाईन टेस्टिंगसाठी फ्रान्सच कशाला? बडनेऱ्याहून रात्रीची गाडी पकडा, पहाटे नाशिक

इन्स्टाग्रामवर एक रील येते. डोंगरउतारावर द्राक्षांच्या रांगा, मागे जुना दगडी वाडा, हातात ग्लास आणि खाली लिहिलेलं, बोर्डो, फ्रान्स. रील मित्रांच्या ग्रुपवर पडते. "पुढच्या वर्षी पक्कं" असं सगळे लिहितात. मग अकोल्याचा एखादा मित्र शांतपणे विचारतो, "वाईन प्यायले फ्रान्सले कायले जाता बे?"

प्रश्न गमतीचा असला तरी त्यात दम आहे. द्राक्षाचा मळा, वाईन बनते ती जागा आणि ती बनवणाऱ्या माणसांशी गप्पा, या तिन्ही गोष्टी आपल्याला एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर मिळतात. फक्त प्लॅनिंग नीट पाहिजे. ते चुकलं तर ही ट्रिप फ्रान्सइतकीच महागात पडू शकते.

आधी फ्रान्सचं गणित

फ्रान्सला जायचं तर शेंगेन व्हिसा लागतो. मोठ्या माणसाची फीच ९० युरो आहे. वर विमान, हॉटेल आणि तिथलं फिरणं. शिवाय फ्रान्समध्ये वाईनचा एकच भाग नाही. बोर्डो, बर्गंडी, शॅम्पेन, अल्सास हे सगळे एकमेकांपासून लांब आहेत, त्यामुळे एका आठवड्यात एकच भाग निवडावा लागतो. अल्सासमध्ये तर १९५३ पासून सुमारे १७० किलोमीटरचा खास 'वाईन रूट' आहे, गावागावातून जाणारा.

तिथली द्राक्षतोडणी साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळात चालते. म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत गेलात तर वेल दिसतील, पण पिकलेली द्राक्षं दिसणार नाहीत.

मग नाशिकच का?

नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंचीवर आहे, तर अकोला ३०० मीटरच्याही खाली. हिवाळ्यात नाशिकच्या रात्री चांगल्याच थंड असतात. वाईनच्या द्राक्षात साखरेसोबत आंबटपणाही टिकावा लागतो, आणि त्यासाठी थंड रात्र कामी येते.

खाण्याची द्राक्षं नाशिकला आधीपासून होतीच. अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकलेले आणि ओरॅकलमधली नोकरी सोडून आलेले राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये घरच्या जमिनीवर शेनिन ब्लाँ आणि सॉव्हिन्यॉ ब्लाँ या फ्रेंच जाती लावल्या. २००० मध्ये त्यांची पहिली वाईन बाजारात आली. आईचं नाव सुलभा, त्यावरून ब्रँडचं नाव 'सुला'. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्कची घोषणा झाली. २००५ मध्ये सुलाने मळ्यातच टेस्टिंग रूम उघडली आणि वाईन ही बघायला जायची गोष्ट झाली.

कधी जायचं?

जानेवारी ते मार्च. आपल्याकडे द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास फळासाठीची गोडी छाटणी. तिथून पुढे चारेक महिन्यांत माल काढणीला येतो. म्हणून फ्रान्समध्ये वेली उघड्याबोडक्या असतात, तेव्हा नाशिकमध्ये घड लटकलेले असतात.

शनिवार-रविवार टाळा, कारण मुंबई-पुण्याची गर्दी असते. मंगळवार ते गुरुवार गेलात तर माहिती देणाऱ्या माणसाला चार प्रश्न जास्त विचारता येतात. निघण्याआधी ड्राय डे आहे का ते बघा, निवडणुकीच्या काळात तर नक्कीच. २०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे, तेव्हा खोल्यांचं आधी बघा.

कसं जायचं?

विदर्भ एक्सप्रेस किंवा अमरावती-मुंबई एक्सप्रेस. बडनेऱ्याहून नाशिक रोड पावणेपाचशे किलोमीटर, अकोल्याहून ४०० च्या आसपास. अडचण एकच, या गाड्या भल्या पहाटे अंधारात उतरवतात आणि हॉटेलची खोली दुपारी मिळते. म्हणून बुकिंग करतानाच लवकर खोली मिळेल का ते विचारून घ्या.

पहिला दिवस गंगापूर धरणाच्या बाजूला ठेवा. सुला, यॉर्क आणि सोमा इथे जवळजवळ आहेत. दुसरा दिवस इगतपुरी तालुक्यातल्या संजेगावकडे, जिथे ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने आहेत. दिवसाला दोनच वायनरी, तिसरी नको. टूरची वेळ फोन करून आधी ठरवा.

टेस्टिंग म्हणजे पिणं नाही

ग्लासात थोडीशीच वाईन देतात. आधी रंग बघायचा, ग्लास फिरवायचा, वास घ्यायचा, मग घोट तोंडात घोळवायचा. त्यानंतर तो थुंकला तरी चालतं, त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं. पिकदाणी वऱ्हाडी माणसाला नवीन नाही, पण खर्रा खाऊन मात्र जाऊ नका. तंबाखू-सुपारीनंतर जिभेला कसलीच चव लागत नाही. भडक अत्तरही नको, शेजारच्याचा वास बिघडतो.

जेवणाचंही एक साधं सूत्र आहे. आपल्या झणझणीत रश्श्यासोबत कडक रेड वाईन घेतली तर तिखट अजून जाळतं. थोडी गोडसर शेनिन ब्लाँ तेच तिखट सांभाळून घेते. सांबारवडीसोबत फेसाळणारी स्पार्कलिंग घेऊन बघा.

सगळ्यात महत्त्वाचं, गाडी कोण चालवणार?

इथेच बहुतेक ग्रुप चुकतात. "थोडी थोडीच तर घेतली" असं सगळ्यांनाच वाटतं. हिशोब करू. एका टेस्टिंगमध्ये साधारण ३० मिलीचे पाच-सहा नमुने. म्हणजे १५० ते १८० मिली, पूर्ण एक ग्लास. वाईनमध्ये १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. ७० किलोच्या माणसाने एवढी वाईन पटापट रिकाम्या पोटी घेतली, तर तो कायद्याच्या मर्यादेच्या आसपास पोचू शकतो. ही मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. फ्रान्समध्ये ती ५० आहे, आपल्याकडे त्याहून कडक.

पकडले गेलात तर पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि हे नशीब चांगलं असेल तर. समृद्धी महामार्ग झाल्यापासून अमरावतीहून नांदगाव खंडेश्वरकडून किंवा अकोल्याहून मालेगावकडून वर चढायचं आणि सिन्नरला उतरायचं, हे सोपं वाटतं. पण १२० च्या वेगात, सरळ रस्त्यावर आणि दोन दिवसांच्या थकव्यात चुकीला जागा नसते. त्यामुळे रेल्वेने जा आणि नाशिकमध्ये दिवसभरासाठी ड्रायव्हरसह गाडी ठरवा. चार जणांत वाटला तर तो खर्च दंडापेक्षा खूपच कमी येतो.

आणि २१ वर्षं पूर्ण नसलेल्या भावाबहिणीला टेस्टिंगसाठी नेऊ नका.

बाटली घरी आणताना

वाईन १२ ते १५ अंशांत खूश असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. माळ्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवलेली बाटली आतून शिजते, चव जाते. नाशिकच्या बहुतेक व्हाईट वाईन लवकर पिण्यासाठीच बनवलेल्या असतात. त्यामुळे दोनच बाटल्या घ्या, फ्रिजमध्ये ठेवा आणि उन्हाळा चढायच्या आत संपवा.

धामणगावच्या पलीकडे पुलगाव किंवा आर्वीला सासर असेल तर भेट म्हणून बाटली नेऊ नका. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, जावईबापूंचं कौतुक भलतीकडेच होईल.

फ्रान्सला जरूर जा. पण आधी नाशिकला शेनिन आणि शिराझमधला फरक जिभेला कळू द्या. म्हणजे उद्या बोर्डोत ग्लास हातात आला, तर फोटो काढण्यापलीकडे दोन प्रश्नही विचारता येतील.