लेझरने केस काढण्यापूर्वी

लेझरने केस काढणे कुणाला मानवेल हे तीन गोष्टींवरून ठरते: केसांचा रंग, त्वचेचा रंग आणि केस वाढण्यामागचे कारण. यंत्र कोणते आणि सवलत किती, हे प्रश्न त्यानंतरचे. नागपूरच्या लकडगंजमध्ये राहणाऱ्यांना आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो, ती म्हणजे ऊन.

या उपचारामागचे तत्त्व रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकी डॉक्टरांनी १९८३ मध्ये मांडले. ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश अगदी थोडा वेळ टाकला, तर तो शोषून घेणारा भागच तापतो आणि शेजारचा भाग शाबूत राहतो. केसात हा प्रकाश मेलॅनिन हे रंगद्रव्य शोषते. त्याची उष्णता मुळाशी पोचते आणि नवा केस तयार करणाऱ्या पेशी निकामी होतात. म्हणून जाड, काळ्या केसांवर लेझर उत्तम चालतो. पांढऱ्या केसात मेलॅनिन नसल्याने त्यावर लेझरचा उपयोग होत नाही. गालावरच्या बारीक, फिकट लवेवरही परिणाम बेताचाच असतो. उलट चेहरा आणि मानेवर क्वचित लव आणखी दाट झाल्याचेही आढळते.

हेच मेलॅनिन त्वचेतही असते. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये सुचवलेल्या आणि पुढे सहा प्रकारांपर्यंत वाढवलेल्या वर्गीकरणात बहुतेक भारतीयांची त्वचा चौथ्या आणि पाचव्या प्रकारात बसते. अशी त्वचा प्रकाशाचा मोठा वाटा वरच्यावर शोषते. त्यामुळे भाजणे, फोड येणे आणि नंतर काळे डाग राहणे हे धोके वाढतात. ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट लेझर गोऱ्या त्वचेसाठी सोयीचा आहे. सावळ्या त्वचेवर ८०० ते ८१० नॅनोमीटरचा डायोड जपून वापरता येतो. गडद वर्णासाठी १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग सर्वांत सुरक्षित मानतात, कारण त्याचा प्रकाश खोल जातो आणि वरच्या थरातले मेलॅनिन तो कमी शोषते. घरी वापरायची आयपीएल (तीव्र प्रकाशझोताची) उपकरणे गडद त्वचेसाठी नसतात.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दुचाकीवरून जाताना मुली तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, तरी हात आणि मान रापतेच. रापलेल्या त्वचेवर लेझर घेणे म्हणजे डागांना आमंत्रण. चेहरा, मान आणि हात यांचे उपचार दिवाळीनंतर सुरू करणे त्यामुळे सोयीचे ठरते. काखेसारख्या झाकलेल्या भागाला हे बंधन कमी. दर बैठकीच्या आधी आणि नंतर काही आठवडे ऊन टाळावे आणि उघड्या भागावर सनस्क्रीन लावावे.

एका बैठकीत काम होत नाही, कारण सगळे केस एकाच वेळी वाढीच्या अवस्थेत नसतात आणि लेझरचा मारा मुख्यतः वाढत्या केसांवरच बसतो. साधारण सहा ते आठ बैठका लागतात. चेहऱ्यासाठी चार ते सहा, अंगासाठी सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने. मे महिन्यात लग्न असेल, तर मार्चमध्ये चौकशी करून भागत नाही. आठ-दहा महिने हातात हवेत. इतके करूनही केस कायमचे नाहीसे होत नाहीत. ते कमी आणि बारीक होतात, आणि अधूनमधून एखादी बैठक घ्यावी लागते. केस कायमचे जातील अशी हमी देणाऱ्यापासून सावध राहावे.

हनुवटी, ओठांवर किंवा छातीवर राठ केस येत असतील आणि पाळीही अनियमित असेल, तर आधी पीसीओएस या संप्रेरकांच्या विकाराची तपासणी करावी. संप्रेरकांचे बिघडलेले गणित तसेच राहिले, तर लेझरने काढलेल्या केसांच्या जागी नवे केस येत राहतात. केस थोड्या काळात झपाट्याने वाढले आणि आवाजही घोगरा झाला, तर डॉक्टरांना लगेच दाखवावे. काही औषधांमुळेही केस वाढतात. मिनॉक्सिडिल आणि स्टेरॉइड ही त्यांतली नेहमीची.

उपचारापूर्वी चार ते सहा आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग किंवा चिमट्याने केस उपटणे बंद ठेवावे, कारण मूळच निघाले तर लेझरला लक्ष्य उरत नाही. रेझर मात्र चालतो. गरोदरपणात उपचार पुढे ढकलतात. उपचाराच्या जागी जंतुसंसर्ग किंवा उठलेली नागीण असेल, तर ती बरी होईपर्यंत थांबतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल, तर ते डॉक्टरांना सांगावे. भुवयांखाली, डोळ्यांच्या खोबणीच्या आत लेझर घेऊ नये. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच.

निर्णयापूर्वी त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. लकडगंजहून सेंट्रल अव्हेन्यूने पश्चिमेकडे गेले की मेयो रुग्णालय लागते. तिथे आणि मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात) त्वचारोग विभाग आहेत. खासगी ठिकाणी डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी पाहावी. यंत्राची तरंगलांबी कोणती, ते कोण चालवणार आणि भाजल्यास उपचार कोण करणार, हे विचारावे. आधी छोट्या जागेवर चाचणी घेऊन काही दिवस थांबावे. बैठकांचे पॅकेज चाचणीनंतरच घ्यावे.

लेझर जमत नसेल, तर पांढऱ्या आणि तुरळक केसांसाठी इलेक्ट्रोलिसिस आहे. त्यात एकेका केसाच्या मुळाशी सुई घालून विजेने ते मूळ नष्ट करतात. हे काम वेळखाऊ आणि थोडे दुखणारे, पण केसाच्या रंगाची अट त्याला नाही. थ्रेडिंग, वॅक्सिंग आणि रेझर स्वस्त आहेत, फक्त ते आयुष्यभर करत राहावे लागतात. केस राखण्यात आरोग्याचा कोणताही तोटा नसल्याने काहीच न करणे हाही योग्य पर्याय आहे.