विश्लेषण : ‘एबीएस’चा पिवळा दिवा लागला म्हणजे सेन्सरच गेला का?

पावसाळ्यात गॅरेजमध्ये हमखास येणारी ही तक्रार. गाडी नीट चालते, ब्रेकही लागतो, पण मीटरमधला ‘एबीएस’ लिहिलेला पिवळा दिवा विझत नाही. मेकॅनिक स्कॅनर लावतो, एखाद्या चाकाच्या स्पीड सेन्सरचे नाव येते आणि लगेच नवा सेन्सर मागवला जातो. कधी त्याने काम होते. कधी पैसे जातात आणि दिवा तसाच राहतो. कारण स्कॅनरने दाखवलेला कोड आणि खराब झालेला पार्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा सेन्सर नेमके काय करतो?

चारही चाकांजवळ एकेक छोटा सेन्सर असतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या कडीवरून तो चाकाचा वेग मोजतो आणि एबीएसच्या कंट्रोल युनिटला सतत कळवत राहतो. जोरात ब्रेक मारल्यावर एखादे चाक बाकीच्यांपेक्षा एकदम मंदावले, तर ते आता जाम होणार हे युनिटला कळते. मग त्या चाकाचा ब्रेक सेकंदात अनेकदा सैल-घट्ट केला जातो. चाक फिरत राहते, म्हणून स्टीअरिंगही काम करते.

बॉशने १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आणलेली ही यंत्रणा भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना बंधनकारक झाली. त्या सुरुवातीच्या गाड्यांपैकी बहुतेकींची वॉरंटी आता संपली आहे. म्हणजे हा खर्च यापुढे मालकाच्या खिशातून होणार.

दिवा लागलेला असताना गाडी चालवावी का?

फक्त पिवळा दिवा असेल तर साधा ब्रेक चालू असतो. गाडी थांबेल, पण जोरात ब्रेक दाबल्यास चाके जाम होऊ शकतात. कोरड्या रस्त्यावर, शहरातल्या वेगात हे जाणवणारही नाही. वरंध किंवा आंबा घाटात, ओल्या उतारावर समोर अचानक ट्रक आला की जाणवेल. जाम चाकांची गाडी स्टीअरिंग फिरवूनही सरळच घसरत जाते. म्हणून गॅरेजपर्यंत सावकाश जायला हरकत नाही; कोकणात गणपतीला जायला आहे.

पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर गोष्ट वेगळी. गाडी बाजूला घ्या. हँडब्रेक पूर्ण सुटला आहे ना, ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली नाही ना, हे पाहा. दोन्ही ठीक असूनही लाल दिवा कायम असेल किंवा ऑइल कमी असेल, तर टोइंग बोलवा.

आणखी एक. ट्रॅक्शन कंट्रोल, स्टॅबिलिटी, हिल होल्ड यांनाही याच सेन्सरची माहिती लागते. त्यामुळे एकाच वेळी तीन-चार दिवे लागले तरी तीन-चार बिघाड असतीलच असे नाही.

दोष कुठे आहे, हे कसे शोधायचे?

ऑनलाइन मिळणारे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुतेकदा इंजिनचेच कोड वाचतात. एबीएससाठी ‘सी’ने सुरू होणारे कोड वाचणारा स्कॅनर हवा. अनेक गाड्यांत सी००३५ म्हणजे पुढचे डावे चाक, सी००४० म्हणजे पुढचे उजवे. डावे-उजवे हे गाडीत बसलेल्या माणसाच्या हिशेबाने. बॉनेटसमोर उभे राहून पाहिलेत तर चुकीच्या चाकाचा सेन्सर काढला जाईल. आणि हा कोड त्या चाकाच्या ‘सर्किट’बद्दल असतो. सर्किटमध्ये सेन्सर आला, तशी वायर, कपलर आणि कडीही आली.

म्हणून मेकॅनिकला लाइव्ह डेटा दाखवायला सांगा. रिकाम्या रस्त्यावर ताशी २०-३० किलोमीटरने गाडी चालवायची आणि चारही चाकांचा वेग स्क्रीनवर पाहायचा. तिघांचा वेग सारखा आणि चौथ्याचा शून्य, किंवा मध्येच गायब होत असेल, तर चाक सापडले. गाडी चालवणारा आणि स्क्रीन पाहणारा ही दोन वेगळी माणसे हवीत.

पुढचे काम डोळ्यांचे. चाक काढून वायर सेन्सरपासून कपलरपर्यंत बोटांनी चाचपत जायची. पुढच्या चाकांची वायर प्रत्येक वळणावर वाकते आणि वर्षानुवर्षांनी आतून तुटते. वरचे आवरण मात्र शाबूत दिसते. कपलरमध्ये पाणी शिरले असेल तर पिनांवर हिरवट थर दिसतो. पार्किंगमधल्या उंदरांना तर वायरिंगची आवडच असते. सेन्सरच्या तोंडावर चिखल किंवा लोखंडाचा कीस चिकटलेला असू शकतो. यातले बरेच दोष साफसफाईने किंवा वायर नीट जोडून सुटतात.

मल्टिमीटर काढण्याआधी सेन्सर कोणत्या जातीचा आहे हे माहीत हवे. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये चुंबक आणि तांब्याची कॉइल असते. समोरून दातेरी कडी फिरली की वीज तयार होते. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी पाठ केलेला फॅरेडेचा नियम इथे कामाला येतो. अशा सेन्सरचा रेझिस्टन्स साधारण एक-दोन हजार ओहमच्या आसपास असतो. गाडीनुसार आकडा बदलतो, म्हणून दुसऱ्या बाजूच्या सेन्सरशी तुलना करणे सोपे. मीटरने ‘ओपन’ दाखवले तर कॉइल तुटली.

नव्या गाड्यांतला सेन्सर इलेक्ट्रॉनिक असतो. त्याला युनिटकडून वीजपुरवठा लागतो. त्याचा रेझिस्टन्स मोजून काही कळत नाही, उलट तो बिघडू शकतो. तिथे कपलर सोडवून, चावी ऑन करून पुरवठा येतो का ते पाहायचे. पुरवठाच नसेल तर नवा सेन्सर बसवून उपयोग शून्य.

या नव्या सेन्सरसमोर अनेकदा दातेरी कडी नसते. बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टा असतो. दिसायला ते साधे काळे सील. घाईत बेअरिंग उलटे बसले की चुंबकीय बाजू सेन्सरपासून लांब जाते आणि सिग्नल बंद. चाकाचा आवाज येतो म्हणून बेअरिंग बदलले आणि त्यानंतर एबीएसचा दिवा लागला, असा क्रम असेल तर आधी बेअरिंगकडे बोट दाखवा.

दिवा न लागताही दोष असतो. सिग्नलवर थांबता थांबता, ताशी ५-१० किलोमीटरला ब्रेक पेडल पायाखाली थरथरत असेल, तर कडीला तडा गेला असू शकतो किंवा सेन्सरखालच्या गंजामुळे कडी आणि सेन्सरमधले अंतर वाढले असू शकते. जेमतेम मिलिमीटरचे हे अंतर असते.

बदलायचाच ठरला तर?

काम एका बोल्टचे, वैताग गंजाचा. गाडी सपाट जागी, विरुद्ध बाजूच्या चाकांना दगड, आणि नुसत्या जॅकवर भरवसा नाही. खाली स्टँड हवाच. चावी बंद करून कपलर सोडवायचा, बोल्ट काढायचा. सेन्सर ओढून निघाला नाही तर गंज सोडवणारा स्प्रे मारून थोडा वेळ थांबायचे आणि तो हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सैल करायचा. जोर लावला की प्लास्टिकचे डोके हातात येते आणि बुंधा आत राहतो. मग हातोडी नको, ड्रिल नको, सरळ गॅरेज गाठायचे.

भोक पॉलिश पेपरने साफ करून नवा सेन्सर हाताच्या जोराने बसला पाहिजे. ठोकून बसवू नका. वायर जुन्याच क्लिपांमधून न्या आणि स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून ती ताणली जात नाही ना, टायरला घासत नाही ना, हे पाहा. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या दुकानांत सेन्सर घ्यायला जाताना जुना पार्ट बरोबर न्या. पार्ट नंबर जुळवा. दिसायला सारखे सेन्सर कपलरपाशी वेगळे निघतात. शेवटी कोड पुसून गाडी थोडी चालवायची. काही गाड्यांत चाके फिरून युनिटची खात्री झाल्यावरच दिवा विझतो.

जुनी गाडी घेताना काय पाहावे?

चावी ऑन करताच एबीएसचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. ही युनिटची स्वतःची चाचणी असते. विकायला काढलेल्या गाडीत तो अजिबात लागतच नसेल, तर यंत्रणा ठणठणीत आहे असे समजू नका; दिव्याचीच वायर कापली नाही ना, हे सौदा करण्याआधी स्कॅनर लावून तपासून घ्या.