लाल भोपळ्याची खरी भाजी कोणाची?

महाराष्ट्रातून नुकताच आलेला माणूस उज्जैनच्या बाजारात भोपळा मागू लागला, तर भाजीवाला नुसता बघत राहतो. येथे त्याला 'कद्दू' म्हणावे लागते. नागपूरकडची माणसे त्यालाच कोहळे म्हणतात. पुणेकराच्या लेखी कोहळा म्हणजे पेठ्याचे पांढरे फळ. गोव्याची सिस्टर 'दुदी' म्हणते तेव्हा तिच्या मनात लाल भोपळाच असतो, पण ऐकणाऱ्या मराठी बाईंना दुधी हलवा आठवतो. एका फळाच्या नावावरून इतका घोळ, मग भाजीवरून वाद झाला तर नवल काय!

हा वाद आमच्याकडे मोठ्या गमतीने चालतो. १८१० मध्ये शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला गेली, तरी त्यांच्या काळात आलेली काही मराठी घराणी उज्जैनला कायमची राहिली. पुढे १९६८ साली येथील मिशन केरळच्या सीरो-मलबार मंडळीकडे सोपवले गेले, आणि फादर-सिस्टरांबरोबर नारळही आला. त्यामुळे सणाच्या जेवणाला तीन प्रांतांचे बल्लव एका चुलीभोवती उभे राहतात.

माळव्याचा माणूस म्हणतो, कद्दू खावा तो भंडाऱ्यातला, पुरीबरोबर. तेलात मेथीदाणे, बडीशेप, हिंग आणि लाल मिरची. मग फोडी टाकून झाकण ठेवायचे, पाणी मुळीच घालायचे नाही, भोपळा आपल्याच पाण्यात शिजतो. शेवटी गूळ आणि आमचूर. केरळची सिस्टर यावर हसते. तिच्या एरिश्शेरीत भोपळ्याबरोबर लाल चवळी असते, जिरे घालून वाटलेले खोबरे असते आणि वरून तांबूस परतलेला नारळाचा कीस. ओणमच्या जेवणात हा पदार्थ मानाचा. मराठी बाई दोघांचे ऐकून घेते आणि शांतपणे घारगे तळायला घेते. दोन वाट्या किसाला पाऊण ते एक वाटी गूळ घालून मऊ शिजवायचे, निवल्यावर मीठ, वेलची आणि मावेल तेवढी कणीक घालून घट्ट मळायचे, जाडसर पुऱ्या थापून मंद आचेवर तळायच्या. हे घारगे दोन-तीन दिवस सहज टिकतात. आमचा कौल विचारलाच तर रोजच्या जेवणाला एरिश्शेरी, कारण चवळीमुळे त्यात प्रथिनेही येतात. पण घारगे पुढ्यात आले की आमचा निःपक्षपातीपणा डळमळतो, हेही खरे.

मौज अशी की, ज्या फळावर तिघेही हक्क सांगतात, ते मुळात यांतल्या कोणाचेच नव्हे. लाल भोपळा अमेरिका खंडातला. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर युरोपियनांच्या जहाजांतून तो इतर खंडांत पसरला. मिरची आणि बटाटाही तसेच आले. आज उत्तर भारतात कद्दू उपवासालाही चालतो!

थट्टा बाजूला ठेवून आता थोडे आरोग्याचे पाहू. भोपळ्याच्या गराचा केशरी रंग हा कॅरोटीन नावाच्या द्रव्याचा. त्यापासून आपले शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. ते कमी पडले की मुलांना संध्याकाळी नीट दिसेनासे होते, यालाच रातांधळेपणा म्हणतात. दुर्लक्ष झाल्यास डोळा कायमचा जाऊ शकतो. कॅरोटीन अंगी लागण्यासाठी थोडे तेल, तूप किंवा नारळ हवाच. म्हणजे तिन्ही प्रांतांच्या आज्या शास्त्र न शिकता बरोबर वागत होत्या. मात्र नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी मुलांना मिळणारा अ जीवनसत्त्वाचा डोस भोपळा खाऊ घालतो म्हणून चुकवू नये. बियाही फेकू नयेत. धुऊन, वाळवून, भाजून घेतल्या तर त्यांत प्रथिने, जस्त आणि लोह मिळते. मधुमेह असलेल्यांनी भाजी बेताने खावी आणि गूळ टाळावा.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगावयाची आहे. भोपळा, दुधी किंवा काकडी चवीला कडू लागली तर ती भाजी टाकून द्यावी. कडवटपणा आणणारे विषारी द्रव्य शिजवूनही जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसे दगावली आहेत, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या समितीने २०१२ च्या अहवालात अशा रसापासून सावध केले होते. लाल भोपळ्यात असे क्वचितच घडते, पण फोडणीला टाकण्यापूर्वी कच्ची फोड जिभेला लावून पाहण्यास कितीसा वेळ लागतो? कडू लागली तर लगेच थुंकावी. खाल्ल्यावर उलट्या किंवा जुलाब सुरू झाले तर घरगुती उपायात वेळ न दवडता दवाखाना गाठावा. बायबलमध्ये राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात रानफळांनी विषारी झालेल्या हंडीत अलीशा संदेष्ट्याने पीठ टाकले आणि ते अन्न खाण्याजोगे झाले. तो चमत्कार होता. आपण पीठ टाकून पाहू नये.

शेतकरी बंधूंनी बांधावर किंवा उकिरड्याजवळ पावसाच्या आरंभी चार-सहा बिया टोचाव्यात. वेलाला आधी नर फुले येतात आणि गळतात, त्याने घाबरून जाऊ नये. मादी फुलाच्या मागे इवलासा भोपळा दिसतो. ही फुले पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटतात आणि तेवढ्या वेळात मधमाश्या आल्या तरच फळ धरते. शेजारच्या सोयाबीनवर सकाळी औषध फवारले की भोपळा धरत नाही आणि दोष बियाण्याला दिला जातो! फवारणी अगदी करावीच लागली तर सायंकाळी करावी. माश्या दिसत नसतील तर नर फुलाची पाकळी काढून त्याचा पराग मादी फुलाला सकाळी हाताने लावावा.

देठ वाळून सालीत नख रुतेनासे झाले की फळ काढावे, देठ चार बोटे ठेवून. आठ-दहा दिवस उबदार, हवेशीर जागी ठेवून मग कोरड्या खोलीत पेंढ्यावर सुटे मांडावे, एकावर एक रचू नये. दिवाळीच्या सुमाराचे न खरचटलेले फळ असे ठेवल्यास उपवासकाळापर्यंत टिकू शकते, म्हणजे मांस बंद असते तेव्हा भाजी घरातच असते.

राहता राहिला कापण्याचा प्रश्न. अखंड फळावर बाईने पहिला घाव घालू नये, अशी समजूत पुष्कळ घरांत आहे. आम्ही त्यात काही पाप पाहत नाही. परंतु साल दगडासारखी असते, सुरी घसरते आणि बोटे कापतात. म्हणून भोपळा ओल्या फडक्यावर पालथा घालून पहिला घाव घरधन्यानेच घालावा, आणि बियाही त्यानेच वाळत घालाव्यात.